वरच्या दोन फळ्या

उंदीरमामांच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती, आणि ती त्याच जागी राहून पुरी व्हावीत, एवढंच त्यांना हवं होतं. बढतीचा अर्ज त्यांनी कधी केला नाही. संस्थेच्या मागच्या भिंतीला लागून कर्मचाऱ्यांच्या बैठ्या खोल्या होत्या. त्यांतल्या शेवटच्या दोन खोल्यांत ते आणि मामी राहत. चार वर्षांपूर्वी मामींच्या डोळ्यांतला दाब वाढला आणि तीन-चार महिन्यांत दृष्टी गेली. त्यानंतर त्या दोन खोल्या त्यांनी पायांनी आणि बोटांनी पाठ केल्या. दीड वर्ष लागलं. दारापासून ओट्यापर्यंत सात पावलं, ओट्यापासून मोरीपर्यंत चार. चहा त्या स्वतः करायच्या आणि आलेल्याला विचारायच्या, "साखर किती?"

मामा म्हणायचे, "हिला ह्या दोन खोल्यांत माझ्यापेक्षा जास्त दिसतं. उंबऱ्याबाहेर काढली की आंधळी."

नोकरी गेली तर खोल्या जाणार, आणि खोल्या गेल्या तर मामींचे डोळे दुसऱ्यांदा जाणार. हे मामांना माहीत होतं, मामींना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

मी त्या संस्थेत पीएच.डी. करत होते. मामा आमच्या प्राणिगृहाचे कर्मचारी. बुटके, टक्कल पडलेले, अंगावर दोन मोठ्या खिशांचा निळा एप्रन आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पहिल्याच दिवशी मी पिंजऱ्यात हात घातला आणि उंदराने बोट फोडलं. मामांनी माझं बोट नळाखाली धरलं आणि उंदराला म्हणाले, "अरे, पाहुण्या आहेत. चावायचं ते ओळख झाल्यावर." मग मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, वरून हात आणू नका. वरून येतं ते घारीसारखं वाटतं त्यांना. बाजूने या."

"अजून डॉक्टर झाले नाही, मामा."

"मग लवकर व्हा. नाहीतर माझ्याबरोबर रिटायर व्हाल."

आमचं काम होतं ते न्यूरोपेप्टाइडवर. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. बरेचसे निरोप पळत जातात आणि लगेच विरतात. काही मात्र सावकाश पसरतात आणि बराच वेळ मुरतात. हे सावकाश निरोप घेऊन जाणाऱ्या रेणूंच्या छोट्या साखळ्या म्हणजे न्यूरोपेप्टाइड. कुठली साखळी सुटली यावर जनावर भितं की शांत होतं, पिल्लाला जवळ घेतं की ढकलतं, शिकलेलं लक्षात ठेवतं की विसरतं, हे पुष्कळसं ठरतं. आमच्या सरांनी अशाच एका साखळीचा तुकडा प्रयोगशाळेत बनवून घेतला होता. त्याने स्मरणशक्ती वाढते, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्याला 'सात नंबर' म्हणायचो.

"सात नंबर म्हणजे काय, बस आहे का?" मामा विचारायचे. "कुठे जाते?"

"मेंदूत जाते, मामा."

"तिथे स्टॉप आहे का पण?"

प्रयोग साधा होता. रोज सकाळी दहा वाजता मी निम्म्या उंदरांना सात नंबरचं इंजेक्शन द्यायचे आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. तासाभराने प्रत्येकाला दुधाची पावडर घालून गढूळ केलेल्या पाण्याच्या हौदात सोडायचं. पाण्याखाली बोटभर खोलीवर एक छोटा चौथरा असतो. तो दिसत नाही. उंदीर पोहत पोहत शोधतो आणि वर चढून उभा राहतो. दुसऱ्या दिवशी लवकर सापडतो, तिसऱ्या दिवशी आणखी लवकर. किती लवकर, ते मी घड्याळ लावून लिहायचे. ज्या उंदराच्या मनात भीती असते तो मध्ये येतच नाही. कडेकडेने गोल गोल पोहत राहतो आणि दमतो.

पिंजरे ठेवायला चार फळ्यांची पोलादी मांडणी होती. कुठला पिंजरा कुठे, हे मीच कागदावर आखलं होतं, दोन रंगांच्या पेन्सिलींनी. इंजेक्शनं अदलाबदल होऊ नयेत म्हणून वरच्या दोन फळ्यांवर सात नंबरवाले, खालच्या दोन फळ्यांवर मीठपाणीवाले. फार सुटसुटीत दिसत होतं. अशी वाटणी चिठ्ठ्या टाकून करायची असते, वर-खाली मिसळून. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं.

निकाल झकास आला. वरच्या फळ्यांवरचे उंदीर जवळजवळ निम्म्या वेळात चौथरा शोधत होते. सरांनी परिषदेत भाषण केलं, अनुदान देणाऱ्या समितीला अहवाल पाठवला, माझ्या पाठीवर थाप मारली. मी घरी फोन करून सांगितलं. आमच्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आईने विचारलं, "म्हणजे उंदीर हुशार झाले, आणि त्याचं बक्षीस तुला?"

मग मामांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी वीस दिवस पाय हलवू नका म्हणून सांगितलं. त्यांच्या जागी कंत्राटदाराचा माणूस आला. खाणं घालायचा, पाणी भरायचा, भुसा बदलायचा आणि कानात बोळे घालून गाणी ऐकायचा. त्या वीस दिवसांत आम्ही दुसरी तुकडी पूर्ण केली. वरचे आणि खालचे, सगळे उंदीर सारखेच ढ निघाले.

सरांनी औषधाच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. औषध बिघडलं म्हणून नवं मागवलं. मी दिव्यांच्या वेळा तपासल्या, पाण्याचं तापमान तपासलं, खाण्याची पोती तपासली. मामा परत आले तेव्हा तिसरी तुकडी सुरू केली, आणि वरच्या फळ्या पुन्हा हुशार झाल्या. तेव्हाही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. सर म्हणाले, "बघ, औषधाचाच घोळ होता."

एके दिवशी इंजेक्शनं देऊन मी हौद भरायला गेले आणि वजनांचा तक्ता प्राणिगृहात विसरला म्हणून परत आले. मामा मांडणीसमोर उभे होते. वरच्या फळीवरचा एक उंदीर त्यांनी छातीशी धरला होता, एक हात त्याच्या पोटाखाली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कानामागून पाठीपर्यंत सावकाश फिरत होता. उंदराने डोळे अर्धे मिटले होते. मामा पुटपुटत होते, "झालं, झालं. गेली ती बाई. सुई घेऊन गेली."

मी दारातच थांबले. त्यांनी तो ठेवला, पुढचा घेतला. मिनिटभर, मग त्याच्या पुढचा.

"मामा, हे रोज करता?"

ते दचकले नाहीत. "तुम्ही टोचून जाता. मागे हे थरथरत बसतात. बघवत नाही."

"सगळ्यांना घेता?"

"ह्या दोन फळ्यांवरच्यांना." आणि मग जरा ओशाळून, "खालच्यांकडे वाकता येत नाही, पोरी. गुडघे नाही म्हणतात. त्यांना वरूनच सांगतो, जरा सोसा म्हणून."

मी तिथल्या स्टुलावर बसले. आठ महिन्यांचं काम, सरांचं भाषण, समितीचा अहवाल, सगळं माझ्यासमोर एका निळ्या एप्रनच्या खिशात डोकं खुपसून बसलं होतं. सात नंबर कुठेच जात नव्हती. शिकत होता तो मामांचा अंगठा लागलेला उंदीर.

मामांना मी समजावून सांगितलं. अंगावरून असा सावकाश हात फिरला की मेंदूत ऑक्सिटोसिन नावाची साखळी सुटते. ती भीतीच्या साखळीला दाबते. भीती खाली बसली की जनावर आजूबाजूला बघतं, आणि जे बघतं ते लक्षात राहतं.

"एवढ्याला साखळ्या कशाला?" मामा म्हणाले. "हिचे डोळे गेले तेव्हा मी काय केलं? पलंगाच्या कोपऱ्यावर नडगी आपटली की ती तिथेच खाली बसायची, रडायची. त्या वेळी सांगून काही डोक्यात जायचं नाही. मी पाठीवर हात ठेवून उभा राहायचो. श्वास जाग्यावर आला की पुन्हा दारापासून सुरुवात. दिवसातून चार चार वेळा घरी जायचो. साहेब ओरडायचे."

सरांना सांगणं भाग होतं. मला वाटलं होतं ते हसतील, मग डोक्याला हात लावतील, मग म्हणतील, चला, नव्याने करू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"अहवाल मागे घ्यावा लागेल. मागे घ्यायला कारण लागेल." ते खिडकीकडे बघत होते. "कर्मचाऱ्याने नियम मोडून प्राण्यांना हाताळलं. बरोबर?"

"सर, पण पिंजऱ्यांची मांडणी..."

"बरोबर ना?"

मी म्हणाले, "हो, सर."

चौकशी वीस मिनिटं चालली. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे तीन झाकलेले ग्लास. मामा एप्रन काढून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांच्यासमोर प्राणिगृहाची वही ठेवली. रोजच्या पानावर छापलेली ओळ होती: खाणे, पाणी व सफाई याव्यतिरिक्त पिंजरा उघडला नाही. खाली मामांची सही.

"ही सही तुमची?" अधीक्षकांनी विचारलं.

"माझीच."

"म्हणजे रोज खोटं लिहिलंत."

"लिहिलं नाही, साहेब. ती ओळ छापूनच येते. खाली सही करायची असते."

"वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं. पण जनावर थरथरत असेल तर ते तसंच ठेवायचं, असं कुठे छापलंय ते दाखवा. मी तिथेही सही करतो."

कोपऱ्यातल्या टंकलेखिकेला हसू आलं, तिने ते खोकल्यात घातलं. अधीक्षकांना ते ऐकू आलं, आणि मला वाटतं मामांचं काम तिथेच तमाम झालं.

मग माझ्याकडे वळले. "कुठला पिंजरा कुठल्या फळीवर, हे कोण ठरवतं?"

तो दोन रंगांचा कागद माझ्या बॅगेत होता. फेलोशिपचं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि मुदतवाढ सरांच्या सहीवर होती. सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मी म्हणाले, "मांडणी प्राणिगृहातच होते, सर."

यातला शब्द न् शब्द खरा होता. वाक्य मात्र साफ खोटं होतं. मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, राग आल्यासारखं नाही, उंदराचं वजन अचानक कमी भरलं की काट्याकडे बघायचे तसं.

पंधरा दिवसांत पत्र आलं. सेवेतून कमी केलं, खोल्या महिनाभरात रिकाम्या कराव्यात. मी मामांना भेटायला गेले. ते पलंग खोलत होते. मामी ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या, जणू कोणी तो ओटाही उचलून नेईल.

"मामा, मी बोलले असते तरी..."

"तरी त्यांनी मलाच काढलं असतं," ते स्क्रू पिळत म्हणाले. "ते मला कळतं. पण बोलायला हवं होतंस."

त्यापूर्वी ते माझ्याशी कधी एकेरीत अशा आवाजात बोलले नव्हते. पोरी म्हणायचे तो वेगळा एकेरी.

मामींनी विचारलं, "चहा घेतेस?" आणि मग त्यांनाच आठवलं की भांडी बांधून झाली होती.

त्यानंतरची दोन वर्षं माझी चांगली गेली. तसंच म्हणायला हवं. सरांनी विषयच फिरवला: स्पर्श, ऑक्सिटोसिन आणि भ्यायलेल्या प्राण्याचं शिकणं. या वेळी मी चिठ्ठ्या टाकून पिंजरे लावले. काही उंदरांना रोज मिनिटभर कुरवाळायचं, काहींना नाही. काहींना कुरवाळायचं, पण आधी ऑक्सिटोसिनचं काम बंद पाडणारं औषध द्यायचं. तिसऱ्या गटाचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे हाताचा परिणाम त्याच साखळीतून जात होता. आणखी एक गोष्ट दिसली. एक-दोन दिवस कुरवाळून काही उपयोग होत नाही. चौदा दिवस सलग, त्याच माणसाने, त्याच वेळी, तेव्हा कुठे हौदात फरक दिसतो.

प्राणिगृहात दोन नवीन माणसं नेमली. भिंतीवर चित्रांसहित तक्ता लागला: हात बाजूने आणावा, पोटाखाली आधार द्यावा, अंगठा कानामागून पाठीकडे फिरवावा. त्यांना सेकंदाचं घड्याळ दिलं होतं. साठ झाले की ते उंदीर परत ठेवायचे, गवंड्याने वीट ठेवावी तसा.

शोधनिबंधाच्या शेवटी आभार असतात. मी मामांचं नाव घातलं. सरांनी ते खोडलं. "शिस्तभंगात गेलेल्या माणसाचं नाव? समितीने वाचलं तर?" त्या जागी छापून आलं, 'प्राणिगृहातील कर्मचाऱ्यांचे आभार.' ते आभार त्या घड्याळवाल्यांना पोचले.

निबंध छापून आला, पदवी मिळाली, दुसऱ्या शहरात नोकरी लागली. निघायला आठ दिवस उरले तेव्हा मी मामांचा पत्ता शोधला. टायरच्या गोदामामागे पहिल्या मजल्यावर एक खोली होती. मामा घरी नव्हते. खोक्यांच्या कारखान्यात फाटकावर बसतात, बारा तास, जायला दोन बस, हे मामींनीच सांगितलं.

मामी पलंगावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, हात मांडीवर. हाताच्या अंतरावर झाकलेला डबा, काठी, रेडिओ. पाण्याचा तांब्या होता, तो भरलेलाच होता.

"पाणी देऊ, मामी?"

"नको. प्यायलं की जावं लागतं. बाहेर व्हरांड्याच्या टोकाला आहे. हे आले की जाते."

दुपारचे दोन वाजले होते. मामा आठला येणार होते.

"शेजारी कोणी नाही?"

"आहेत ना. पहिल्या महिन्यात नेत होत्या. मग त्यांनाही कामं असतात." त्यांनी चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. "दोन वर्षं झाली इथे. मला अजून ही खोली येत नाही. दार डावीकडे होतं, ते उजवीकडे आलंय. मी उठते, काहीतरी लागतं, की सगळं पुसलं जातं. कुठे तोंड आहे तेच कळत नाही. हे रविवारी शिकवतात. सोमवारपर्यंत जातं."

मी निबंध बॅगेतून काढला होता. तो त्यांना कशासाठी दाखवणार होते कोण जाणे. कागदाचा आवाज त्यांनी ऐकला.

"काय आणलंस?"

"मामांचंच काम आहे, मामी. छापून आलंय."

"त्यांचं नाव आहे?"

"नाही."

"मग त्यांचं कसं?" पण त्यांनी वाट पाहिली नाही. "वाच, काय लिहिलंय ते."

मी सोपं करून सांगितलं. भ्यायलेल्या जनावराला वाट सापडत नाही. बरेच दिवस रोज अंगावर हात फिरला तर सापडते. मेंदूत काय सुटतं, काय दाबलं जातं. बोलता बोलता माझा आवाज वर्गात बोलतात तसा झाला, आणि मी तो खाली आणला.

"मग आता त्यांना रोज हात लावतात?" मामींनी विचारलं.

"हो. दोन माणसं ठेवलीत."

"दोन." त्या जरा हसल्या. "बरं आहे उंदरांचं."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "चला मामी, उठा. मी दाखवते. दारापासून सुरू करू."

त्या उठल्या. माझ्या दंडाला धरून दारापर्यंत आल्या, तिथून वळल्या. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला पत्र्याच्या ट्रंकेचा कोपरा गुडघ्यावर बसला. त्या तिथेच थिजल्या, दोन्ही हात हवेत. मी त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला. कापड घामाने ओलं होतं, आत छाती धडधडत होती. मी हात हलवला नाही. मनात मोजू लागले.

"काढ तो हात," मामी म्हणाल्या.

मी काढला नाही. "एक मिनिट, मामी. शांत होईल."

"मला माहीत आहे काय होईल ते. शांत होईल, मग बरं वाटेल, मग तू जाशील." त्या भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या, त्यांना वाटत होतं मी तिकडे आहे. "किती दिवस लागतात म्हणालीस? तुझ्या कागदात?"

"चौदा."

"सलग?"

"सलग."

"मग किती दिवस येणार आहेस तू?"

मी आठ दिवस म्हणू शकले असते. सामान बांधायचं होतं, भाड्याचं घर बघायचं होतं, आईकडे चार दिवस जायचं होतं. त्यांनी पाठ पुढे ओढून घेतली, माझा हात आपोआप सुटला.

"आलीच आहेस तर व्हरांड्याच्या टोकाला नेऊन आण," त्या म्हणाल्या. "तेवढं कर. आणि परत पलंगावर बसव, तोंड खिडकीकडे ठेवून. जाताना दार घट्ट ओढून घे, मला उठून बघता येत नाही."

मी त्यांना नेलं. परत आणलं, पलंगावर बसवलं, तोंड खिडकीकडे ठेवलं. त्यांनी तांब्या चाचपून घेतला आणि दोन घोट पाणी प्यायल्या. मी दार ओढून घेतलं, मग बाहेरून एकदा ढकलून पाहिलं.